ऋजुता: एक नाव, अनेक उच्चार

हजेरीपटावर ‘ऋजुता’ हे नाव क्वचितच आढळते. ऋजू म्हणजे सरळ, तेव्हा ऋजुता म्हणजे सरळपणा. पण नावाचा उच्चार मात्र तेवढा सरळ नाही. मराठी शिक्षक ‘रुजुता’ अशी हाक मारतात, तर हिंदी मातृभाषा असलेले शिक्षक त्याच मुलीला ‘रिजुता’ म्हणतात. शिवाय काही मुले यातला ‘ज’ हा ‘बी रुजते’ मधल्यासारखा उच्चारतात, तर काही ‘जीवन’ मधल्यासारखा. अशा वेळी एखाद्याला ‘तुझा उच्चार चुकला’ असे सांगण्याचा मोह होतो. कधी कधी तर ते खुद्द त्या मुलीलाच ऐकावे लागते! ‘ज’ चा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून ‘ऋ’ हा मुळात कसला ध्वनी आहे, ते आपण पाहू.

पाणिनीने ऋ ची गणना अ, इ, उ यांच्याबरोबर स्वरांत केली आहे. आपल्या बोलण्यात आज तो स्वर उरलेला नाही. आपण ‘र’ हे व्यंजन आणि त्यापुढे ‘उ’ उच्चारतो. मूळ ध्वनीत स्वराचे काम ‘र’ च करत असे. हे अशक्य वाटते, पण काही भाषांत असा ‘र’ आजही रोजच्या वापरात आहे. मेंडेलने वाटाण्यावरचे प्रयोग ज्या शहरात केले, त्या चेक प्रजासत्ताकातील शहराचे नाव आपल्याकडे ‘ब्रनो’ किंवा ‘ब्रुनो’ असे छापतात. चेक माणूस मात्र त्यातल्या ‘ब’ आणि ‘न’ यांच्यामध्ये ‘र’ खेरीज दुसरा कोणताही स्वर घालत नाही. ‘बृनो’ असे लिहून ऋ चा जुना उच्चार केला, तर तो बराच जवळ जाईल.

मग या ‘र’ ला उ किंवा इ कोठून चिकटला? प्राचीन शिक्षाग्रंथांत याचा धागा सापडतो. ऋ च्या मध्यभागी ‘र’ चा अंश आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्वराचे लहानसे तुकडे, असे वर्णन तेथे आढळते. हा तुकडा इतका आखूड असतो, की तो कोणता स्वर आहे हे नीट ठरत नाही. ओठ जरा गोल झाले की तो उ कडे झुकतो, फाकले की इ कडे. यामागे ध्वनिशास्त्र आहे. तोंडाच्या पोकळीत काही वारंवारता अनुनादाने बळावतात. त्यांतली दुसरी, प्रौढ पुरुषाच्या आवाजात, इ म्हणताना साधारण २००० हर्ट्झच्या वर असते आणि उ म्हणताना १००० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली उतरते. ऐकणारा त्या अस्पष्ट तुकड्याला आपल्या ओळखीच्या एखाद्या स्वराच्या खात्यात टाकतो, आणि पुढच्या पिढीला तोच स्वर स्पष्टपणे शिकवतो.

ही गोष्ट आजकालची नाही. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात (इ.स.पू. तिसरे शतक) राजाच्या पाकशाळेसाठी मारल्या जाणाऱ्या एका हरणाचा उल्लेख आहे. संस्कृत ‘मृग’ हा शब्द गिरनारला ‘मगो’ असा कोरलेला आहे, तर कालसीला ‘मिगे’. आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला ‘म्रुगो’, तर मानसेऱ्याला ‘म्रिगे’. मजकूर एकच, पण खडकागणिक ऋ वेगळा! पुढे मृत्तिकेची मराठीत ‘माती’ झाली आणि हिंदीत ‘मिट्टी’. ‘पृष्ठ’ पासून आपली ‘पाठ’ आली आणि त्यांची ‘पीठ’. मात्र याचा सरसकट नियम करता येत नाही. ‘वृश्चिका’ चा आपणही ‘विंचू’ च केला.

तेव्हा ‘रुजुता’ आणि ‘रिजुता’ यांपैकी एकालाही मूळ उच्चार म्हणता येणार नाही. गुजराती, ओडिया आणि कन्नड भाषिक सामान्यतः ‘रु’ म्हणतात, तर हिंदी आणि बंगाली भाषिक ‘रि’. आपण मराठी माणसेही पूर्णपणे ‘रु’ ची नाही. पुराणातला ऋषी ‘रुषी’, पण चित्रपटातला ऋषी कपूर ‘रिषी’!

खरी अडचण येते ती रोमन लिपीत. देवनागरीतले एकच ‘ऋ’ दोन्ही उच्चार सामावून घेते. रोमनमध्ये मात्र आर नंतर यू लिहायचा की आय, हे ठरवावेच लागते. शाळेच्या दाखल्यावर एक आणि परीक्षेच्या अर्जावर दुसरे लिहिले गेले, तर एका मुलीच्या कागदोपत्री दोन मुली होतात. ‘बरोबर उच्चार’ म्हणून शिक्षकाने परस्पर स्पेलिंग सुधारणे हे अशा घोळाचे एक कारण असते. घरी कसे लिहितात, हे आधी विचारलेले बरे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एका मुलाला आरसा देऊन ‘र्‍र्‍र्‍’ असा लांब आवाज काढायला सांगा. मध्येच त्याने ओठांचा चंबू करावा, नंतर हसल्यासारखे फाकावेत. इतरांनी डोळे मिटून ऐकावे आणि ‘रु’ ऐकू आला की ‘रि’, ते वहीत लिहावे. वर्गात हिंदी किंवा बंगाली बोलणारी मुले असतील, तर त्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवून पाहाव्यात.