पुरुषांच्या छातीतील गाठ : संकोच नको



स्तनाचा कॅन्सर हा बायकांचाच रोग, अशी आपली पक्की समजूत आहे. पण पुरुषाच्या छातीतही बोंडामागे थोड्या स्तनपेशी असतात. त्यामुळे हा रोग पुरुषांनाही होतो. प्रमाण अल्प, म्हणजे अशा शंभर रोग्यांत पुरुष साधारण एक. तोही बहुधा साठीच्या आसपासचा.

मात्र हे प्रमाण सर्व देशांत सारखे नाही. १९८८ ते २००२ च्या नोंदी पाहिल्या तर दहा लाख पुरुषांमागे वर्षाला इस्राएलमध्ये सुमारे १२ रोगी, तर थायलंडमध्ये दोनसुद्धा नाहीत. असे का?

पहिले कारण बेण्याचे. पेशीतील बिघाड दुरुस्त करणारा 'बीआरसीए-२' नावाचा जनुक १९९५ साली सापडला. तोच सदोष असला की धोका वाढतो. एका बेटातले बेणे गावभर गेले तर त्याचा दोषही गावभर जातो, तसेच थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या समाजात घडते. आइसलँडमध्ये स्तनाचा कॅन्सर झालेल्या पुरुषांपैकी सुमारे ४० टक्के पुरुषांत या जनुकातील एकच दोष आढळला. युरोपातून आलेल्या ज्यू लोकांतही असे दोष बरेच आहेत.

दुसरे कारण जमिनीचे, म्हणजे शरीराचे. पुरुषातही थोडे स्त्री-संप्रेरक तयार होते. त्याचा निचरा लिव्हर करते. लिव्हर बिघडले की ते साठते. इजिप्त व मध्य आफ्रिकेत पूर्वी पुरुष रोग्यांचे प्रमाण जास्त दिसे, त्यामागे लिव्हरचे आजार असावेत असे तज्ज्ञ मानतात. दारूने लिव्हर खराब करून घेणाऱ्यांनी आणि वजन फार वाढलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. सदोष जनुक बापाकडून मुलाला जातो तसा मुलीलाही जातो; प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. मुलीला तर धोका कितीतरी जास्त. म्हणून बापाने आपला रोग लपवला तर लेकीच्या तपासणीची वेळही टळते.

बोंडामागे न दुखणारी घट्ट गाठ, बोंड आत ओढले जाणे, त्यातून पाणी वा रक्त येणे, न भरणारी जखम, ही लक्षणे होत. 'मोळी उचलताना मार बसला असेल' म्हणून हंगाम संपेपर्यंत थांबू नये. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. वेळीच कळले तर ऑपरेशन व औषधांनी रोग बरा होऊ शकतो. पुरुष उशिरा दाखवतात, म्हणूनच दगावतात.

तरी सभासद बंधूंनी लाज बाजूला ठेवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी