सहीपूर्वीचा हिशेब

मुलाखतीला निघालेली आपली मुले कपड्यांना इस्त्री करतात, प्रश्नोत्तरे पाठ करतात; पण ‘पगार किती घ्याल?’ या प्रश्नाची तयारी क्वचितच करतात. पहिल्या पगाराच्या दिवशी उतरलेले चेहरे आम्ही युनियनच्या कचेरीत पुष्कळ पाहिले आहेत.

वर्षाला ३,६०,००० रुपये ठरले, म्हणजे दरमहा ३०,००० हातात, असे ही मुले धरून चालतात. पण मूळ पगार १५,००० असेल, तर मालकाच्या वाट्याचा प्रॉव्हिडंट फंड १,८००, कामगाराचा १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० रुपये बहुधा याच आकड्यातून वळते होतात. उरतात पंचवीस हजार सहाशेंच्या आसपास. गेलेला पैसा पुढे कामी येतो हे खरे. पण या महिन्याचे घरभाडे त्यातून भागत नाही.

म्हणून श्रोतेहो, निवड झाल्यावर आणि सही करण्यापूर्वी विचारावे : मूळ पगार किती, हातात किती, नोटिशीची मुदत किती? नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या श्रमसंहितांनी नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ते मागण्यात संकोच कसला? सहीनंतर ज्यासाठी आम्हांला भांडावे लागते, ते सहीपूर्वी पुष्कळदा नुसते विचारून मिळते.