वजनकाटा हलला नाही तरी…

साखरेच्या उंबरठ्यावर : लेखांक ६

मागच्या लेखात आपण तपासणीचे आकडे वाचायला शिकलो. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ यांपैकी काहीही आलं तर मधुमेह झालेला नसतो, पण आपण त्याच्या उंबरठ्यावर असतो. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचा २०२३ मधला अंदाज असा, की भारतात मधुमेह असलेले १० कोटींहून जास्त, आणि उंबरठ्यावरचे त्यांच्याहूनही अधिक, साडेतेरा कोटींच्या घरात.

असा रिपोर्ट हाती आला की बहुतेक जण एकच निश्चय करतात : वजन उतरवायचं. भात बंद होतो, सकाळचं चालणं सुरू होतं, दर रविवारी काट्यावर उभं राहणं सुरू होतं. दोन महिन्यांनी काटा जेमतेम किलोभर खाली आलेला असतो. मग ‘एवढं करून काय उपयोग? आमच्या घराण्यातच आहे’ असं म्हणत सगळं सुटतं. या टप्प्यावर सोडून देणारी माणसं फार आहेत आणि त्यांचं नुकसान खरोखर टाळता येण्यासारखं आहे. कारण काटा हलला नसला तरी त्या दोन महिन्यांत आत बरंच काही सुधारलेलं असतं. आजचा लेख त्या सुधारणेबद्दल आहे.

बीएमआय सारखा, शरीरं वेगळी

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं एक छायाचित्र छापून आलं. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी सारखा होता : २२.३. कोणत्याही तक्त्यात दोघंही सडपातळच ठरले असते. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तेव्हा युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के निघालं आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाट्याला न दिसणारा हा फरक दुपटीहून जास्त होता.

याज्ञिक यांनी या प्रश्नाचा माग पार गर्भापर्यंत काढला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटाने गर्भवती स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं लहानखुरी, त्यांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे वरून बारीक, आतून चरबीदार ही ठेवण आपल्यातल्या अनेकांना जन्मापासूनच मिळते.

पुढे वय वाढतं, खुर्चीत बसायचं काम येतं, आणि वाढलेली चरबी मांड्या-दंडांवर न जाता पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठू लागते. चरबी साठलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. रात्री आपण झोपेत असताना गरज नसतानाही ते रक्तात साखर सोडत राहतं. रात्री काही गोड न खाता सकाळची उपाशीपोटीची साखर ११० येते, तिचं एक मोठं कारण हे आहे. ‘मी तर साठ किलोचाच आहे, मला कसा मधुमेह होईल?’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली गेली. त्याहून महत्त्वाचं माप मात्र कंबरेचं : पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर. त्यापुढे गेलात तर वजन कितीही असो, लक्ष द्यायला हवं.

चेन्नईने काय दाखवलं

आहार-व्यायामाने मधुमेह टळतो याचे भक्कम पुरावे आधी परदेशातून आले. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात, नंतर फिनलंडमध्ये, आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात. अमेरिकी प्रयोगात लोकांनी सात टक्के वजन उतरवावं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करावा असं उद्दिष्ट होतं. त्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. औषधापेक्षा चालणं-खाणं सरस ठरलं. पण त्या लोकांचा सरासरी बीएमआय ३४ होता. आपल्याकडच्या, तेवढं वजन नसलेल्या माणसांचं काय?

हा प्रश्न चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने हाती घेतला. उंबरठ्यावरचे ५३१ जण निवडले, सरासरी बीएमआय २६ च्या आसपास. सल्ला साधा होता : साखर आणि मैदा कमी करा, तेल-तूप आवरा, चोथा असलेले पदार्थ वाढवा, रोज किमान अर्धा तास भरभर चाला. तीन वर्षांनी, २००६ मध्ये निष्कर्ष आले. काहीच न बदललेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, सल्ला पाळणाऱ्या गटात ३९ टक्के. आणि या गटाचं वजन तीन वर्षांत जवळपास होतं तेवढंच राहिलं होतं.

ज्यांचा काटा हलत नाही त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. वजन न उतरताही या लोकांचा धोका चौथ्या हिश्शाहून अधिक कमी झाला.

याचा अर्थ वजनाला महत्त्व नाही असा नाही. अमेरिकी प्रयोगाच्या विश्लेषणात उतरलेल्या प्रत्येक किलोमागे धोका सुमारे १६ टक्क्यांनी घटलेला दिसला. तुमचं वजन खरंच जास्त असेल, ऐंशी किलो आणि वाढलेलं पोट, तर पाच-सहा किलो उतरवणं हे उत्तम उद्दिष्ट आहे. मात्र तो एकच निकष धरला, तर फायदा होत असतानाच हार मानायची वेळ येते.

स्नायूंची कणगी

वजन तेवढंच राहून धोका कमी कसा होतो? याचं मोठं उत्तर स्नायूंत आहे. जेवणानंतर इन्सुलिनच्या जोरावर रक्तातली जी साखर उचलली जाते, तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायूंकडे जातो. स्नायू म्हणजे साखरेची कणगी. बसून राहणाऱ्या माणसाची कणगी कायम भरलेली असते, मग नव्या जेवणातली साखर जायची कुठे? ती रक्तात रेंगाळते किंवा तिची चरबी होते. चालल्याने, चढल्याने, वजन उचलल्याने कणगी रिकामी होते आणि पुढच्या जेवणाला जागा मिळते.

शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर ओढून घेतो. व्यायामानंतर स्नायू इन्सुलिनचं जास्त ऐकू लागतात, आणि एका व्यायामाचा हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो. म्हणून रविवारी तीन तास डोंगर चढून बाकी आठवडा बसून काढण्यापेक्षा रोजचा अर्धा तास जास्त उपयोगी. व्यायामात सलग दोन दिवसांचा खंड पडू देऊ नका. आणखी एक : नियमित व्यायामाने पोटातली चरबी वजन न बदलताही घटते. काटा तोच राहतो, पण पट्टा एक भोक आत जातो.

काय करायचं? आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं. वेग असा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काम : हात न टेकता खुर्चीतून उठ-बस, भिंतीला हात टेकून दंड, जिने, सूर्यनमस्कार. चाळिशीनंतर स्नायू झिजू लागतात आणि आपल्याकडे ते मुळातच कमी, म्हणून हा भाग टाळू नका. ‘घरकामात होतोच की व्यायाम’ असं अनेक जणी म्हणतात. दिवसभर उभं राहून अंग दुखतं हे अगदी खरं. पण त्यात दम लागत नाही आणि मोठ्या स्नायूंना पुरेसा ताणही पडत नाही. घरातल्या बाईला स्वतःसाठी अर्धा तास मिळावा, ही जबाबदारी घरातल्या सगळ्यांची आहे.

आणि शतपावली. न्यूझीलंडमध्ये मधुमेह असलेल्या लोकांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्याऐवजी तीन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी वाढली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्याकडे रात्रीचं जेवण सर्वांत मोठं आणि त्यानंतर थेट टीव्हीसमोर बैठक. ती दहा मिनिटं उशिरा सुरू झाली तरी चालेल.

ताटात अदलाबदल

आहाराबद्दलही तेच. उपाशी राहून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून खाणं कमी करण्याआधी ताटातली वाटणी बदलू.

आपलं रोजचं ताट पाहा : तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात, पातळ वरण, पापड. यात पोळी, बटाटा, भात आणि चार चहांतली साखर हे सगळं शेवटी ग्लुकोजच होतं. प्रथिनं म्हणावीत तर वाटीच्या तळाशी बसलेली थोडी डाळ. गोव्यात आणि कोकणात हीच गोष्ट शीत-कढीची. भाताचा डोंगर आणि माशाची एक तुकडी.

बदल असा करा. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबिरीचं, बटाटा वगळून. पाव ताट प्रथिनांचं : घट्ट वरण, मटकी-मुगाची उसळ, पिठलं, तोणाक, अंडी, मासे, दही. उरलेलं पाव ताट पोळी, भाकरी किंवा भात यांचं. दोन्ही हवं असेल तर दोन्ही निम्मं. जेवायला सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने करा, पोळी-भात नंतर. या क्रमाने जेवलं की साखर कमी वेगाने चढते.

तीन गैरसमज मात्र सोडा. भाकरीने साखर वाढत नाही, हा पहिला. ज्वारी-बाजरीत चोथा चांगला आहे, पण एका मोठ्या भाकरीत दोन पोळ्यांएवढं पीठ सहज बसतं. नाचणी कोणत्याही रूपात चालते, हा दुसरा. गाळलेल्या सत्त्वातला चोथा निघून गेलेला असतो आणि पातळ पेज पटकन पचते. त्यापेक्षा भाकरी बरी. आणि गूळ किंवा मध चालतो, हा तिसरा. रक्तात गेल्यावर त्यांचीही साखरच होते. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन लहान चमचे साखर म्हणजे महिन्याला किलोभराहून अधिक. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केलात तर महिन्याभरात जीभ सवय करून घेते.

या आठवड्याचं काम

मोजपट्टी घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून, पट्टी न आवळता माप घ्या. पँटचा नंबर धरू नका; अनेक पुरुष पँट पोटाखाली बांधतात. मग पुढची बेरीज करा. चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तयार केलेला हा भारतीयांसाठीचा मधुमेह-धोका गुणांक आहे.

• वय : ३५ पेक्षा कमी – ०, ३५ ते ४९ – २०, ५० किंवा पुढे – ३०
• कंबर : पुरुष ९० सेंमीपेक्षा कमी, स्त्रिया ८० पेक्षा कमी – ०, पुरुष ९० ते ९९, स्त्रिया ८० ते ८९ – १०, त्याहून जास्त – २०
• हालचाल : नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचं काम दोन्ही – ०, दोन्हींपैकी एक – २०, दोन्ही नाही – ३०
• आई-वडील : मधुमेह कुणालाच नाही – ०, एकाला – १०, दोघांना – २०

एकूण ६० किंवा अधिक असेल तर धोका जास्त, म्हणजे रक्त तपासून घ्यायला हवं. हा गुणांक निदान करत नाही, तपासणीची गरज कुणाला आहे तेवढं सांगतो. शासनाच्या कार्यक्रमात तिशीपुढच्या सर्वांची तपासणी होते. आशाताई घरी भरून घेतात त्या फॉर्ममध्येही कंबरेचं माप असतं. ते सांगायला संकोच करू नका.

एक उदाहरण. वय ४५, कंबर ८६ सेंमी, बैठं काम, व्यायाम नाही, आईला मधुमेह, अशा बाईंचे गुण २० + १० + ३० + १० म्हणजे ७०. नियमित व्यायाम सुरू झाला की ६०. कंबर ८० च्या आत आली की ५०. वय तेच, घराणंही तेच.

ज्यांना आधीच मधुमेह आहे आणि इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी आहार-व्यायाम बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. मात्रा कमी करावी लागू शकते. चालताना छातीत दुखत असेल किंवा पायांना बधिरपणा असेल तरीही आधी तपासणी. उंबरठ्यावर असलेल्यांनी वर्षातून एकदा रक्त तपासावंच.

आता वरची यादी पुन्हा पाहा. शंभरातले पन्नास गुण वय आणि आई-वडिलांचे. ते बदलत नाहीत. उरलेले पन्नास कंबर आणि हालचालीचे, म्हणजे तुमच्या हातातले. आणि वजन या यादीत कुठेच नाही. तेव्हा पुढचे तीन महिने काट्यावर महिन्यातून एकदाच उभे राहा. कंबरेचं माप पंधरवड्याला आणि चाललेली मिनिटं रोज वहीत लिहा. तीन महिन्यांनी एचबीए१सी करून घ्या, आणि काय साधलं याचा निवाडा त्या तीन आकड्यांवर करा.

पुढच्या आठवड्यात : नाश्ता आणि उपवास. पोहे, साबुदाणा आणि भगर यांचं काय करायचं?