ग्रामसभेत गाझाचा विषय कशाला?

गटाच्या बैठकीत गाझाचं नाव निघालं की दोन प्रश्न हमखास येतात. हे कुठं आहे, आणि आपला त्याच्याशी काय संबंध? आज आम्ही या दोन प्रश्नांवरच बोलणार आहोत.

गाझा ही भूमध्य समुद्राच्या काठची चिंचोळी पट्टी. लांबी जेमतेम 41 किलोमीटर आणि तेवढ्यात वीस लाखांवर पॅलेस्टिनी माणसं. 7 ऑक्टोबर 2023 ला हमास या संघटनेनं इस्रायलमध्ये घुसून सुमारे 1200 लोक मारले, अडीचशेच्या आसपास लोकांना ओलीस नेलं. ते वाईटच झालं. पण त्यानंतर इस्रायलनं गाझावर जो हल्ला केला, त्यात तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांनुसार साठ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यात बाया आणि लेकरं फार. ऑगस्ट 2025 मध्ये गाझा शहराच्या भागात दुष्काळ जाहीर झाला. आपल्याकडे पाऊस पडला नाही की दुष्काळ येतो. तिथं अन्नाच्या गाड्या अडवल्यामुळं आला.

आता आपला संबंध. आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. आपण महिन्याला बचत टाकतो, त्यातून अंतर्गत कर्ज देतो. उद्या कुणी म्हणालं, मला दारूचा गुत्ता टाकायचाय, व्याज दुप्पट देते, तर आपण देऊ का? नाही देणार. पैसा आपला आहे, म्हणून तो कशाला वापरला जातो याची जबाबदारीही आपली. आणि आधीच दिला असेल तर परत मागू. दुसऱ्यावर अन्याय करायला मदत करणाऱ्या कंपनीतून आपला पैसा काढून घेणं, ते हेच.

हे काही नवीन नाही. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं सरकार काळ्या लोकांना आणि तिथल्या भारतीयांना माणूस म्हणून वागवत नव्हतं. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, 1946 मध्ये, भारतानं त्या देशाशी व्यापार बंद केला. पुढे 1979 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली शहरातल्या लोकांनी मतदान करून ठरवलं, की वर्णभेदाला पोसणाऱ्या धंद्यात नगरपालिकेचा पैसा राहणार नाही. तिच्याच शेजारच्या हेवर्ड शहरानं जानेवारी 2024 मध्ये पॅलेस्टिनींसाठी तसाच निर्णय घेतला आणि चार कंपन्यांमधून पैसा काढला. असे निर्णय तिथल्या स्थानिक संस्थांनी घेतले, कारण गावातल्या माणसांनी सभेत जाऊन मागणी केली.

आपल्या राज्यातही हा विषय आला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला मुंबईत आझाद मैदानावर गाझासाठी सभा घ्यायची होती. पोलिसांनी परवानगी नाकारली. 25 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयानंही अर्ज फेटाळला आणि म्हटलं, आपल्या देशात कचरा, प्रदूषण, गटारं, पूर असे प्रश्न आहेत, ते बघा. पुढे ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली. न्यायालयानं जे म्हटलं ते आपल्यालाही ऐकायला मिळेल. 'आधी पिशोरच्या नाल्या बघा.' आम्ही म्हणतो, नाल्याही बघू. नालीसाठी भांडणारी बाईच दुसऱ्याच्या उपाशी लेकराचं दुःख ओळखते. दोन्ही कामांना एकच ग्रामसभा पुरते.

पण खरं ते सांगायला हवं. ग्रामपंचायतीचा पैसा शेअर बाजारात नसतो, बँकेत असतो. त्यामुळं काढून घ्यायला फारसं काही नाही. मात्र पंचायत खरेदी करते, यंत्रं भाड्यानं घेते. खोदकामाला येणारं पिवळं यंत्र आपण जेसीबी म्हणतो, ते मुळात एका ब्रिटिश कंपनीचं नाव. त्या कंपनीची यंत्रं पॅलेस्टिनींची घरं पाडायला वापरली जातात, असं ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेनं 2021 मध्ये अहवालात मांडलं. कंपनीचं म्हणणं, यंत्र विकल्यावर त्याचं काय होतं ते आमच्या हातात नाही. ज्या पोरानं कर्ज काढून गावात ते यंत्र घेतलंय, त्याचा यात काही दोष नाही, त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही.

मोठा पैसा आहे तो वेगळीकडे. आपल्या विम्याचे हप्ते, पोरांचा भविष्य निर्वाह निधी, यातला काही भाग कंपन्यांच्या शेअरमध्ये जातो. तिथं आपण थेट पोचू शकत नाही, पण ठराव पोचतो.

नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथं एक विनंती ठराव मांडायचा. त्यात तीन गोष्टी. एक, नवी खरेदी करताना, नियमात बसत असेल आणि दुसरा पर्याय असेल, तर अशा कंपन्या टाळाव्यात. दोन, लोकांच्या बचतीचा पैसा त्यांच्यात गुंतवू नये, अशी विनंती राज्य आणि केंद्र सरकारला करावी. तीन, ठरावाची प्रत खासदारांना आणि जिल्हा परिषदेला पाठवावी. ठराव इतिवृत्तात लिहिला का, ते सह्या करण्याआधी वाचून घ्या.

परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं, ग्रामसभेत नाही, असं ग्रामपंचायत अधिकारी म्हणतील. बरोबर आहे. पण विनंती करायला मनाई नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचा आदर्श घ्यायला सांगितलं. शिवाय आपण देशाविरुद्ध काही मागत नाही. भारतानं 1988 मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिलेली आहे.

शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. मोबाईलवर हा विषय हिंदू-मुसलमान करून फिरवतात. तसं नाही. पॅलेस्टिनींमध्ये ख्रिस्तीही आहेत. आणि ज्यू लोक आपले शत्रू नाहीत. कोकणातले बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यातले बरेच जण इस्रायलला गेले, तरी मराठी सोडली नाही. आपला विरोध एका सरकारच्या वागण्याला आहे, कुणाच्या धर्माला नाही. या विषयावरून गटात दोन बाया एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या, तर ठराव झाला तरी आपण हरलो.

म्हणून येत्या बैठकीत बचत गोळा झाली की अर्धा तास यावर बोला. पटलं तर विषय लिहून ग्रामसभेच्या अजेंड्यात द्या, पोच घ्या. नाही पटलं तर का नाही, तेही इतिवृत्तात लिहा.