डोंगराच्या कलानं चालणारी रेल्वे

नेरळहून टॅक्सीनं माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापर्यंत अर्ध्या तासात पोचता येतं. माथेरानच्या गाडीला वरपर्यंत जायला अडीच तासांहून अधिक लागतात. तरीही तिच्या तिकिटासाठी रांग लागते.

नेरळ आणि माथेरान यांच्यात सरळ रेषेत जेमतेम सहा-सात किलोमीटर अंतर आहे, पण रूळ धावतात सुमारे 21 किलोमीटर. हा वळसा मुद्दाम घेतलेला आहे. डोंगर फोडून वाट काढण्याऐवजी त्याच्या अंगानं फिरत वर जायचं, हेच या मार्गाचं तंत्र. म्हणून सगळ्या वाटेवर बोगदा एकच, तोही इतका आखूड की त्याला 'वन किस टनेल' म्हणतात. चढ कुठे कुठे वीस मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे. वळणं इतकी अवघड की रुळांची रुंदी दोनच फूट ठेवावी लागली.

उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा लावला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हे काम तडीस नेलं. खर्च आला सुमारे 16 लाख रुपये. 1907 च्या मार्चमध्ये गाडी सुरू झाली. सल्लागार होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, बार्शी लाइट रेल्वे उभी करणारे अभियंते.

जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीनं बांधलेली वाफेची इंजिनं या वळणांसाठीच घडवलेली होती. एरवी इंजिनाची चाकं ज्या आसाला घट्ट बसवलेली असतात, तो सरळच राहतो. इथे पुढच्या आणि मागच्या आसांवर पोकळ नळी चढवून चाकं त्या नळीला जोडली होती. वळण आलं की नळी थोडी तिरकी होई, बाजूला सरके आणि चाकं रुळाबरोबर वळत. आतला आस मात्र सरळ राहून जोर देत राही. डिझेल इंजिनं आल्यावर ही इंजिनं निवृत्त झाली; त्यातलं एक थेट इंग्लंडला पोचलं.

नेरळ सोडलं की जुम्मापट्टी, मग वॉटर पाइप, मग अमन लॉज. वर चढताना कधी दरी डाव्या हाताला, कधी उजव्या. खाली उल्हास नदीचं खोरं आणि नेरळची घरं लहान होत जातात. पेबच्या किल्ल्यावरून उतरणारे ट्रेकर रुळांच्या कडेनं माथेरानची वाट धरतात. त्याच वाटेवर कड्याच्या खडकात साकारलेला भव्य गणपती दिसतो आणि डब्यातले हात आपसूक जोडले जातात.

माथेरानात मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे पायपीट, घोडा, अलीकडे आलेली ई-रिक्षा किंवा ही गाडी. पावसाळ्यात नेरळपासूनचा मार्ग बंद ठेवतात, पण अमन लॉज ते माथेरान शटल चालू असते. तिच्यातून पर्यटकांसोबत गावकरीही जातात आणि गावाला लागणारं सामानसुमानही. म्हणून हिला केवळ मौजेची गाडी समजणं चूक आहे. ती गावाची गरज आहे.

डोंगराच्या अंगानं जाणाऱ्या रुळांना डोंगराचा त्रासही सोसावा लागतो. 26 जुलै 2005 च्या पावसानं मार्ग जागोजागी वाहून नेला. गाडी पुन्हा धावली ती 2007 मध्ये, शताब्दीच्या वर्षी. 2016 च्या मे महिन्यात डबे दोनदा घसरले आणि सेवा थांबली. पूर्वी डब्यांच्या मधे उभे असलेले ब्रेकमन शिट्टीच्या इशाऱ्यावर हातब्रेक आवळत. या अपघातांनंतर एअर ब्रेक आले. 2019 च्या पावसानं मार्ग पुन्हा उखडला. नेरळपासून गाडी परत सुटायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या तीन रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरानचं नाव अजून संभाव्य यादीतच आहे. तो मान मिळायलाच हवा. पण ही रेल्वे टिकली आहे ती दर पावसाळ्यानंतर दरडी उपसणाऱ्या, भराव बांधणाऱ्या आणि रूळ जागेवर आणणाऱ्या कामगारांमुळे. पीरभॉयांनी ती एकदा बांधली. हे लोक ती दरवर्षी नव्यानं उभी करतात. वारशाचा हिशेब मांडताना त्यांच्या कामाला आणि त्यासाठी लागणाऱ्या पैशाला पहिलं स्थान द्यायला हवं.