श्वानस्नान आणि गोचिडीचे विष

रायपूरच्या मराठी घरांत जिला गोचीड म्हणतात, तिलाच शेजारची हिंदी भाषिक मंडळी किलनी म्हणतात. नाव कोणतेही असो, छत्तीसगडच्या उष्ण हवेत कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड फार झपाट्याने वाढते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. तिच्या दंशावाटे एर्लिकिया व बबेसिया हे रोगजंतू कुत्र्याच्या रक्तात शिरतात. म्हणून पिसवा व गोचिडी मारणाऱ्या शाम्पूने कुत्र्यास धुणे हितावहच होय. परंतु ज्या फेसाने गोचीड मरते, त्याच फेसाने क्वचित कुत्राही आजारी पडतो. असे का व्हावे?

यांपैकी अनेक शाम्पूंतील विष शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम या फुलापासून काढलेले, अथवा त्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनविलेले असते. फुलातील विषाच्या रासायनिक रचनेचा पाया श्टाउडिंगर व रुझिच्का यांनी १९२४ मध्ये मांडला. पुढे १९७३ मध्ये इंग्लंडातील रॉथॅम्स्टेड येथील एलियट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्मेथ्रीन हे कृत्रिम विष जगापुढे आणले.

मज्जातंतूतून संदेश जाताना त्याच्या आवरणातील सूक्ष्म द्वारे क्षणभर उघडतात, सोडियमचे विद्युद्भारित कण आत येतात आणि द्वारे पुन्हा मिटतात. हे विष द्वारांना वेळेवर मिटू देत नाही. संदेशामागून संदेश उठत राहतात; गोचीड थरथरते आणि अखेर लुळी पडते. कुत्र्याच्या मज्जातंतूंतही अशीच द्वारे असतात. मात्र त्याचे यकृत विषाचे त्वरेने विघटन करते आणि त्याच्या उबदार शरीरात विषाची पकड सैल राहते.

हे संरक्षण अभेद्य नव्हे. पिलू लहान असेल, त्वचेवर जखमा असतील, गुरांसाठीचे तीव्र औषध वापरले असेल किंवा कुत्र्याने अंगावरील फेस चाटला असेल, तर धोका वाढतो. थंडीत हे विष अधिक प्रभावी ठरते. म्हणून पाणी कोमट असावे आणि स्नानानंतर अंग नीट कोरडे करावे.

त्वचेला मुंग्या आल्याने कुत्रा कान फडफडवितो व पंजे झटकतो. लाळ गळणे, वांती होणे, अंग कापणे, झटके येणे ही अधिक गंभीर लक्षणे होत. अशा वेळी भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाने व भरपूर कोमट पाण्याने औषध धुऊन काढावे. वांती करविण्याचा प्रयत्न करू नये. झटके येत असतील, तर धुण्यात वेळ न दवडता पशुवैद्य गाठावा.

जाताना बाटली विसरू नये. काही औषधांत अमिट्राझ असते. त्याने कुत्रा सुस्त होतो व नाडी मंदावते. त्यावरील उपचार निराळा असल्याने बाटलीवरील नाव पशुवैद्यास अचूक दिशा दाखविते.

घरात मांजर असल्यास तिला पर्मेथ्रीनयुक्त औषध कधीही लावू नये, आणि ओल्या अंगाच्या कुत्र्यापाशी जाऊ देऊ नये. मांजराचे यकृत या विषाचे विघटन अतिशय मंद गतीने करते. एका प्राण्याचे औषध दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते, ते असे.