गाठ काढली, पण तपासली का?

जबड्यातल्या अमेलोब्लास्टोमा या गाठीच्या पेशींत बऱ्याचदा बीआरएएफ नावाच्या जनुकाचा बिघाड असतो, हे २०१४ मध्ये जगाला कळलं. त्याला दहा वर्षं उलटून गेली. आणि गेल्या पावसाळ्यात वसईतल्या सातिवलीच्या माझ्या दवाखान्यात, गाळ्यात वेल्डिंग करणारा एक तरुण सुजलेला गाल घेऊन आला. दोन-तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे त्याची अक्कलदाढ काढली होती आणि दाढेबरोबर ‘पाण्याची पिशवी’सुद्धा. तिचा रिपोर्ट मागितला. ‘रिपोर्ट कसला? टाकून दिली असेल,’ तो म्हणाला. हे उत्तर फार लागलं. कारण २००५ नंतरच्या दशकात आमच्या भागात ते ऐकू येणं कमी होत चाललं होतं.

दात घडवणाऱ्या पेशींचे अवशेष दात आल्यावरही जबड्यात राहतात आणि त्यांच्यापासून या गाठी उठतात. त्यांचा जुना इतिहास दोन ओळींत आटोपतो. १८२७ मध्ये डब्लिनच्या क्युसॅक यांनी अशा गाठीचं वर्णन केलं, १९३० मध्ये ‘अमेलोब्लास्टोमा’ हे नाव रुळलं, १९७१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिलं वर्गीकरण छापलं. परीक्षेपुरतं पाठ करावं, इतकंच.

मला बोलायचंय ते २००५ ते २०१७ या काळाबद्दल. संघटनेच्या २००५ च्या वर्गीकरणाने केराटोसिस्ट या जबड्यातल्या पिशवीला पिशव्यांच्या यादीतून उचलून ट्यूमरमध्ये नेऊन बसवलं. ही पिशवी चिवट खरी. तिचं अस्तर पातळ, ओढताना फाटतं; एखादा कपटा मागे राहिला तरी पुन्हा वाढते. म्हणून पिशवीचं तोंड उघडं ठेवून ती आधी आकसू द्यायची, मग नीट खरवडून हाडाला कार्नॉयचं द्रावण लावायचं, असे उपाय होते आणि ते चालतही होते. पण कागदावर ‘ट्यूमर’ शब्द येताच काहींना जबड्याचा तुकडाच कापण्याची घाई झाली. मी तेव्हाही विरोध केला होता. २०१७ मध्ये संघटनेने केराटोसिस्टला परत पिशवी ठरवलं, पण ज्यांचे जबडे तेवढ्यासाठी कापले गेले, त्यांना त्याचा काय उपयोग?

अमेलोब्लास्टोमाची गोष्ट नेमकी उलटी. तिथे हात आखडता घेतला जायचा. ही गाठ सहसा कॅन्सर नसते, दुखत नाही, बहुतेक वेळा खालच्या जबड्यात दाढांमागे हळूहळू फुगते. रुग्ण ऐन उमेदीतला असतो, कामावरची सुट्टी त्याला परवडत नाही. हिरडीच्या बाहेरून अंगठ्याने दाबलं की पातळ झालेलं हाड अंड्याच्या टरफलासारखं दबतं. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, साबणाच्या फेसासारखे कप्पे दिसतात. खरी मेख एक्स-रेत दिसत नाही. गाठीच्या कडेपलीकडे, हाडाच्या जाळीत तिच्या पेशी शिरलेल्या असतात. नुसतं खरवडलं तर त्या तिथेच राहतात आणि अर्ध्याहून अधिक रुग्णांत गाठ परत येते, कधी दहा वर्षांनीसुद्धा. म्हणून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर निरोगी हाड घेऊन ती कापावी लागते. मग पोटरीतलं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडायचं. तरुण माणसाला पुन्हा चावता यावं म्हणून एवढा खटाटोप.

त्या दशकात ही मोठी शस्त्रक्रिया मुंबईलाच व्हायची, पण निदानाची शिस्त आमच्याकडेही रुजत होती. मुंबईच्या दंत महाविद्यालयांतून शिकून आलेले तरुण वसई-नालासोपाऱ्यात दवाखाने थाटत होते. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत, बाटलीवर नाव, वय, बाजू लिहिलेली पट्टी, सोबत एक्स-रेची फिल्म, आणि सगळं विरार लोकलने मुंबई सेंट्रलला. तिथे तुकडे तपासणाऱ्या मॅडम फिल्म नसेल तर फोन करून खडसावायच्या, ‘नुसत्या तुकड्यावर सही करणार नाही.’ त्यांचं बरोबरच होतं. एका कप्प्याचा अमेलोब्लास्टोमा एक्स-रेत अगदी साध्या पिशवीसारखा दिसतो. आणि नुसता तुकडा पाहिला तर गाठीचा नेमका भाग हुकू शकतो. दोन्ही शेजारी ठेवल्यावरच निदान पक्कं होतं.

२०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१३ च्या अखेरीस राज्यभर पोचली, आणि तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या वसईलाही मोफत उपचारांचा आधार मिळाला. पण ती पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर चालायची. सातिवली-वालिवच्या गाळ्यांत राबणाऱ्या परप्रांतीय कामगाराकडे ते कार्ड कुठून येणार? पुढे २०१४ मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला, योजनेला २०१७ मध्ये महात्मा फुले यांचं नाव मिळालं. तो कामगार मात्र होता तिथेच राहिला.

आज त्रिमितीय स्कॅन वसईत सहज होतो. इम्प्लांटचे फलक जागोजागी आहेत. यंत्रं आली आणि बाटली गेली. तपासणीचे काहीशे-हजार रुपये रुग्णाला जड वाटतात, डॉक्टरला समजावायला वेळ नसतो, आणि ‘साधी पिशवी होती’ म्हणून विषय मिटतो. बीआरएएफवर काम करणाऱ्या नव्या औषधांबद्दल परिषदांत भाषणं होतात. पण बीआरएएफचा बिघाड आहे की नाही हे ठरवायलाही तोच तुकडा लागतो. जो कचऱ्यात गेला त्याच्यावर कुठलीच चाचणी करता येत नाही.

त्या वेल्डरची बायोप्सी केली. अमेलोब्लास्टोमा निघाला. पहिल्याच वेळी पिशवी तपासली असती तर निदान तेव्हाच होण्याची संधी होती, आणि कापावं लागणारं हाड कदाचित कितीतरी कमी असतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जबड्यातून काढलेली प्रत्येक पिशवी, प्रत्येक गाठ तपासणीला गेलीच पाहिजे. महापालिकेने आपल्या दवाखान्यांत ही तपासणी मोफत करावी आणि कार्ड न विचारता करावी. डॉक्टरांनी रिपोर्ट रुग्णाच्या हातात द्यावा आणि पुढची अनेक वर्षं दर वर्षी एक्स-रेला बोलवावं. आणि रुग्णांनो, दाढेबरोबर आणखी काही काढलं असं डॉक्टर म्हणाले, तर रिपोर्ट घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.